काळे टी-शर्ट आणि रंगभवन

आपल्याकडे धर्मग्रामांचे इतिहास लिहिले जातात ते बहुधा इमारतींचे असतात. पायाभरणी कोणत्या साली झाली, घंटा कोणी दान केली, कोणत्या फादरांच्या कारकिर्दीत शाळेचा दुसरा मजला चढला, हे सारे आपण रौप्यमहोत्सवी अंकांत जपून ठेवतो. ते योग्यच आहे. परंतु त्या त्या काळी मागच्या बाकांवर बसलेल्या तरुणांच्या कानांत कोणते संगीत घुमत होते, याची नोंद कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असे एक संगीत आहे की, ज्याच्या नुसत्या नावाने एके काळी आपल्या घरांत भांडणे होत असत. ते म्हणजे हेवी मेटल.

पनवेल, नवीन पनवेल, कामोठे, खारघर या भागांत स्थायिक झालेली आपली अनेक कुटुंबे मूळची माझगाव, गिरगाव, धोबी तलाव, कलिना, वांद्रे येथील आहेत. सिडकोची घरे परवडली आणि ती खाडी ओलांडून इकडे आली. या कुटुंबांतील आज पन्नाशीच्या आसपास असलेले पुरुष (आणि काही स्त्रियाही) सणाच्या दिवशी मिस्सानंतर गप्पांत रमले की, एखाद्या कॅसेटचा, एखाद्या भिजलेल्या मैफलीचा विषय हमखास निघतो. त्यांच्या या आठवणींत आपल्या समाजाच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित धागा आहे. तो उलगडून पाहण्याचा हा प्रयत्न.

कारखान्यातून आलेला नाद

या संगीताचा उगम इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या पोलादी शहरात झाला. ॲस्टन नावाच्या कामगार वस्तीतील चार तरुणांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘ब्लॅक सॅबथ’ नावाचा वाद्यवृंद उभा केला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात आली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा वादक असल्याने तारा दाबण्याचा हात तोच होता. कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकवली. जँगोची दोन बोटे आगीत अधू झाली होती, तरी तो असामान्य गिटार वाजवीत असे. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनविली, पातळ तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताण कमी करण्यासाठी वाद्य खालच्या स्वरात लावले. त्यातून जो जड, खर्जातला, घणाघाती नाद निघाला तोच या संगीताचा पाया ठरला. एका कामगाराच्या जखमेतून ही शैली जन्मली, ही गोष्ट आमच्या पिढीतील फार थोड्या पालकांच्या कानावर आली होती.

या वृंदातील बहुतेक गीते लिहिणारा गीझर बटलर हा आयरिश कॅथलिक घरातला. वृंदाचे नाव एका भयपटावरून घेतलेले, पोशाख काळा, गळ्यात क्रूस. हे क्रूस गायक ऑझी ऑस्बर्न याच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी धातूचे घडवून मुलांना दिले होते. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या ध्वनिमुद्रिकेत बटलरने लिहिलेले ‘आफ्टर फॉरेव्हर’ हे गीत तर उघडउघड ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूने बोलते. ज्यांनी केवळ मुखपृष्ठे पाहिली त्यांना हे कळणे शक्य नव्हते.

सैतानाचा स्वर की यमनचा मध्यम?

‘ब्लॅक सॅबथ’ याच नावाच्या त्यांच्या पहिल्या गीतात एक स्वरांतर पुन:पुन्हा येते. पाश्चात्त्य संगीतशास्त्रात त्याला ट्रायटोन म्हणतात. जुन्या ग्रंथांत त्याला ‘संगीतातील सैतान’ असे लॅटिन नाव दिलेले आढळते. चर्चने मध्ययुगात या स्वरांतरावर बंदी घातली होती आणि ते गाणाऱ्यांना शिक्षा होत असे, असे पुष्कळदा सांगितले जाते. ही दंतकथा आहे. ग्रेगोरियन गायन शिकविताना हे अंतर टाळावे, त्यासाठी एक स्वर किंचित उतरवून कोमल घ्यावा, एवढाच संकेत होता. सेमिनरीत चार ओळींच्या स्वरलिपीवरून गायन शिकलेल्या कोणालाही तो ठाऊक असतो.

आपल्या संगीतात तेच अंतर षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यामध्ये आहे. संध्याकाळी देवापुढे दिवा लागतो त्या वेळचा जो यमन राग, त्याचे सारे माधुर्य या तीव्र मध्यमावर उभे आहे. म्हणजे युरोपने ज्या स्वराला सैतानाचे नाव दिले, तो आपल्याकडे सांजवेळच्या प्रार्थनेत बसला. स्वर मुळात पापी नसतो. त्याला कोणत्या संगतीत बसवायचे, हे माणूस ठरवितो.

दुसरे साम्यही लक्षात घेण्याजोगे आहे. हेवी मेटलमध्ये गिटारचा आवाज विजेच्या यंत्रातून मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला असतो. अशा आवाजात तीन-चार स्वर एकत्र वाजविले तर नुसता कल्लोळ होतो. म्हणून हे वादक मूळ स्वर आणि त्याचा पंचम, असे दोनच स्वर घेऊन ठोकतात. षड्ज आणि पंचम! तंबोऱ्याच्या तारा लावताना आपले गवई दुसरे काय करतात?

आपल्या मुलांच्या हाती गिटार कशी आली?

मुंबईत विजेची गिटार प्रथम हाती घेणाऱ्यांत कॅथलिक मुलांची संख्या मोठी का होती, याचे उत्तर गोव्याच्या धर्मग्रामशाळांत सापडते. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचणे, गायन आणि व्हायोलिन शिकविले जाई. मिस्सात गाण्यासाठी दिलेले हे शिक्षण पोटापाण्याच्या कामी आले. गोव्यातून मुंबईत आलेले वादक हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंदांत आणि नंतर हिंदी चित्रपटांच्या वाद्यमेळांत शिरले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावे चित्रपटसंगीताच्या अभ्यासकांना परिचित आहेत. त्यांच्या पुढच्या पिढीने ट्रंपेटच्या जागी गिटार घेतली. धोबी तलावला फुर्टाडोज हे १८६५ सालापासूनचे नाव. प्रार्थनागीतांची पुस्तके आणि धार्मिक वस्तू विकणाऱ्या या घराण्यानेच मुंबईच्या अनेक पिढ्यांना वाद्येही विकली.

मात्र ही केवळ गोवेकरांची किंवा केवळ कॅथलिकांची गोष्ट नव्हे. मराठी रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे मुंबईच्या रॉक संगीतातील पहिल्या फळीचे गायक. १९७४ साली ॲलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ ही संगीतिका उभी केली, तेव्हा ज्युडासची भूमिका नंदू भेंडे यांनी गायिली. तेच पुढे १९७८ च्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या मराठी नाटकात दिसले. प्रभूच्या दुःखसहनाची कथा रॉकच्या सुरांत मुंबईकरांना ऐकवण्यात एका मराठी घरातील तरुणाचा वाटा होता, हे आपल्यापैकी अनेकांना आज ठाऊकही नसेल.

कॅसेटचे दिवस

१९९१ पूर्वीचा काळ आठवावा. परदेशी तबकड्या दुर्मीळ, परदेशी वाद्यांवर जबर आयातकर. मुलांच्या हाती असायची ती कलकत्त्याची गिवसन गिटार, आणि कानांत असायची ती एकावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी उतरविलेली कॅसेट. मूळ कॅसेट कोणाचा तरी बोटीवर नोकरीला असलेला मामा किंवा आखातातला काका घेऊन येई. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूस ‘आयर्न मेडन’, दुसऱ्या बाजूस ‘मेटॅलिका’. फीत गुंतली की पेन्सिलीने गुंडाळायची, तुटली की चिकटपट्टीने जोडायची. प्रत्येक नकलेबरोबर आवाज थोडा मंद व्हायचा आणि सरसर वाढायची. तरीही ती अख्खी आळीभर फिरायची. पनवेलच्या मुलांना यासाठी मुंबई गाठावी लागे. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊसमध्ये उभ्याउभ्या ऐकायचे, परवडले तर एक कॅसेट घ्यायची आणि एस.टी.ने परतायचे.

या मुलांनी घरात न बोललेली एक गोष्ट आता मोकळेपणी सांगितली जाते. ती म्हणजे, या गीतांचे शब्द ते वहीत उतरवून घेत आणि शब्दकोश काढून अर्थ लावीत. त्यांतून काय हाती लागले? ‘आयर्न मेडन’चे १९८२ चे ‘हॅलोड बी दाय नेम’ हे गीत आपल्याच प्रभूच्या प्रार्थनेतील शब्दांचे शीर्षक मिरविते, आणि फाशीची वेळ मोजणाऱ्या एका कैद्याच्या मनातील वादळ सांगते. १९८४ चे त्यांचे पावणेचौदा मिनिटांचे गीत कोलरिजच्या वृद्ध खलाशाच्या काव्यावर बेतले आहे. त्याच वर्षीचे ‘मेटॅलिका’चे ‘क्रीपिंग डेथ’ हे निर्गमाच्या पुस्तकातील इजिप्तवरच्या पीडांची कथा सांगते. ‘ब्लॅक सॅबथ’चे ‘वॉर पिग्ज’ युद्धखोर सेनापतींचा धिक्कार करते. मृत्यू, युद्ध, पाप, न्याय हे विषय प्रवचनपीठावरून जेवढ्या गांभीर्याने बोलले जात नव्हते, तेवढ्या गांभीर्याने ते या कॅसेटींत बोलले जात होते.

रंगभवन

या साऱ्या श्रोत्यांची पंढरी म्हणजे धोबी तलावचे रंगभवन. सेंट झेवियर्स या १८६९ साली जेज्विट धर्मगुरूंनी स्थापिलेल्या महाविद्यालयाच्या शेजारी हे उघडे नाट्यगृह आहे. १९७८ साली पहिली जॅझ यात्रा येथेच भरली. मार्च १९८० मध्ये इंग्लंडचा ‘द पोलीस’ हा वृंद येथेच वाजवून गेला. आणि १९८६ साली फरहाद वाडिया यांनी ऑगस्टमधील स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव येथे सुरू केला. सारे त्याला ‘आय-रॉक’ म्हणत.

महिना ऑगस्टचा, छप्पर नाही, आणि पाऊस मुंबईचा. भिजलेले काळे टी-शर्ट, पायाखाली चिखल, लांब केस झटकीत माना हलविणारी शेकडो मुले आणि मंचावर ‘रॉक मशीन’सारखे आपल्याच शहरातील वृंद. १९८४ साली उभ्या राहिलेल्या या वृंदात महेश तिनईकर गिटार वाजवीत असत. १९८८ साली त्यांची स्वतःच्या रचनांची ध्वनिमुद्रिका निघाली. १९९३ मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. त्याच वर्षी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक सुरू झाले आणि गावोगावच्या श्रोत्यांना आपण एकटे नाही, हे कळले. ज्यांच्यापाशी तिकिटाला पैसे नसत ते भिंतीबाहेर उभे राहून ऐकत. पनवेलच्या मुलांना मात्र शेवटपर्यंत थांबता येत नसे. हार्बर मार्गावरची लोकल पनवेलपर्यंत आली ती १९९८ साली. तोपर्यंत परतीची एस.टी. चुकली म्हणजे रात्र फलाटावर काढणे भाग असे. शेवटचे गाणे बाहेर रस्त्यावर चालत चालत, मागे वळून पाहत ऐकल्याची आठवण म्हणूनच इकडच्या मंडळींत वारंवार ऐकू येते.

पालकांची भीती

आता दुसरी बाजू. आई-वडिलांची भीती खोटी होती काय? तिचा उगमही पाहिला पाहिजे. अमेरिकेत १९८५ साली काही राजकीय नेत्यांच्या पत्नींनी पालकांची संघटना काढली आणि त्या सप्टेंबरात सिनेटच्या समितीपुढे या संगीताची सुनावणी झाली. १९९० साली नेव्हाडा राज्यात ‘ज्युडास प्रीस्ट’ या वृंदावर खटला चालला. गीतात लपविलेल्या संदेशामुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या, असा आरोप होता. न्यायालयाने तो फेटाळला. आरोपाची बातमी आपल्या धर्मग्रामांपर्यंत पोहोचली, निकालाची फारशी पोहोचली नाही. त्यातच १९९२ साली नॉर्वेत बर्गनजवळचे फांतोफ्ट येथील प्राचीन लाकडी चर्च जाळण्यात आले. पुढे तेथील अशा काही जाळपोळींबद्दल या संगीताच्या एका टोकाच्या शाखेतील तरुणांना शिक्षाही झाल्या. तेव्हा भीतीला आधार नव्हता असे म्हणता येत नाही. देवनिंदा करणारी गीतेही आहेत आणि त्यांचे समर्थन कोणीही श्रद्धावंत करणार नाही. प्रश्न एवढाच होता की, फांतोफ्टची आग आणि पनवेलच्या एखाद्या मुलाच्या खोलीतील कॅसेट यांत फरक करण्याइतकी चौकशी आपण केली काय? अनेक घरांत ती झाली नाही. कॅसेटी फेकल्या गेल्या, भिंतीवरची चित्रे फाडली गेली आणि काही बाप-लेकांमधले बोलणे जे तुटले ते पुष्कळ वर्षे जुळले नाही.

गैरसमजाचे एक उदाहरण बोलके आहे. या मैफलींत तर्जनी आणि करंगळी उभारून हात उंचावतात. ती सैतानाची खूण, असा समज आपल्याकडे दृढ झाला. ही खूण लोकप्रिय केली ती १९७९ साली ‘ब्लॅक सॅबथ’मध्ये आलेल्या रॉनी जेम्स डिओ या गायकाने. तो इटालियन वंशाच्या कॅथलिक घरातला. आपली आजी वाईट नजर परतविण्यासाठी अशी बोटे करीत असे, तिच्याकडून आपण ती शिकलो, असे तो सांगे. म्हणजे आपल्या आज्या मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढीत, त्याच जातीचा हा तोडगा! तोडगा म्हणून त्यावर धर्मशिक्षणात टीका करता येईल, पण त्याला सैतानपूजा म्हणता येणार नाही.

चर्च आणि गोंगाट

संगीताविषयीचे आपल्या चर्चचे धोरणही स्थिर राहिलेले नाही. परमगुरू जॉन बाविसावे यांनी १३२४-२५ च्या सुमारास आविन्यों येथून काढलेल्या फर्मानात अनेक आवाज एकमेकांत गुंफणाऱ्या नव्या गायनपद्धतीबद्दल नाराजी व्यक्त केली. पुढे तीच पद्धत पवित्र संगीताचे भूषण मानली गेली. परमगुरू दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ च्या आदेशात देवळात पियानो आणि ढोल, झांजा यांसारखी गोंगाटी वाद्ये वर्ज्य ठरविली. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, द्वितीय व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेवरील दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा मान राखून, उपासनेला योग्य अशी इतर वाद्येही स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारण्यास वाट दिली. आज मराठी मिस्सात पेटी, तबला, ढोलकी नि झांजा निःसंकोच वाजतात, ती या दाराने आत आलेली आहेत. हेवी मेटल देवळात आणावे असे कोणी सुचवीत नाही. परंतु आजचा गोंगाट उद्याही गोंगाटच राहील, हे ठरविण्याची घाई इतिहासाला मानवत नाही. इटलीत चेझारे बोनिझ्झी नावाच्या दाढीवाल्या कॅपुचिन ब्रदरांनी ‘मेटॅलिका’ची मैफल पाहून स्वतःच मेटल वृंद काढला आणि २००८ साली बोलोन्याच्या महोत्सवात ते आपल्या तपकिरी झग्यात हजारोंपुढे गायिले.

मैफली दूर गेल्या, आठवणी उरल्या

रंगभवनाचा आवाज मात्र बंद झाला तो धर्माच्या विरोधाने नव्हे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा-महाविद्यालये व न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. रंगभवनाच्या एका अंगाला महाविद्यालय, जवळच कामा रुग्णालय. नियमांची अंमलबजावणी कडक झाली आणि मंच मुका झाला. ‘आय-रॉक’ अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेला. आजाऱ्यांच्या झोपेसाठी केलेल्या या नियमाला नावे ठेवता येणार नाहीत. आपल्या सणांच्या ध्वनिक्षेपकांनाही तो तितकाच लागू आहे.

त्यानंतरचा काळ मोठ्या मैदानांचा. १७ मार्च २००७ रोजी ‘आयर्न मेडन’ने बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर भारतातील पहिली मैफल केली. ज्यांनी वीस वर्षे नुसत्या कॅसेटी ऐकल्या होत्या ते कळंबोलीच्या नाक्यावर बंगळूरची बस पकडून निघाले. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००८ रोजी, त्यांच्या जागतिक दौऱ्याचा आरंभ मुंबईच्या बांद्रा-कुर्ला संकुलातून झाला. गायक ब्रूस डिकिन्सन हा स्वतः वैमानिक. वृंदाचे विमान त्यानेच चालवीत मुंबईला आणले. ऑक्टोबर २०११ मध्ये ‘मेटॅलिका’ची गुरगावची मैफल ऐन वेळी रद्द होऊन तेथे मोडतोड झाली, आणि दोन दिवसांनी बंगळूरला ती निर्विघ्न पार पडली. एव्हाना मुंबईची मुले स्वतःचे संगीत रचू लागली होती. साहिल मखिजा यांनी २००० साली स्थापिलेल्या ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ या वृंदाने २०१७ मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर ‘दशावतार’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली. कोकणात रात्रभर रंगणाऱ्या खेळाचेच हे नाव!

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या ॲस्टनमध्ये, जेथून हे सारे सुरू झाले तेथेच, ‘ब्लॅक सॅबथ’ची निरोपाची मैफल झाली. तिचे उत्पन्न कंपवाताच्या संशोधनास, लहान मुलांच्या रुग्णालयास व मरणासन्न मुलांच्या सेवागृहास देण्याचे ठरले होते. सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायिलेला ऑझी ऑस्बर्न त्यानंतर सतराव्या दिवशी, २२ जुलैला, निवर्तला. त्या आठवड्यात पनवेलच्या काही घरांत माळ्यावरचे खोके खाली उतरले.

त्या खोक्यांची अवस्था चिंतेची आहे. कोकणच्या दमट हवेत चुंबकीय फितीवर पांढरी बुरशी चढते आणि एकदा ती चढली की आवाज परत मिळणे कठीण. ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झाले. रंगभवन गप्प आहे. ज्यांनी कॅसेटी फेकल्या ते वडील आता थकले आहेत, पुष्कळ जण प्रभूच्या घरी गेले आहेत. ज्यांच्या फेकल्या गेल्या, त्या मुलांची मुले आता वयात आली असून बंद दाराआड कानांत यंत्रे घालून काहीतरी ऐकत बसलेली असतात. वाचकांना विनंती एवढीच की, ज्यांच्यापाशी त्या दिवसांचे तिकिटांचे तुकडे, छायाचित्रे, शब्द उतरविलेल्या वह्या असतील, त्यांनी त्या उन्हे दाखवून जपाव्यात आणि मागे साल व ठिकाण लिहून ठेवावे. आपल्या धर्मग्रामाच्या पुढच्या स्मरणिकेत घंटेच्या दात्याबरोबर त्यांनाही एखादे पान मिळावे. आणि घरात एखादे दार बंद असेल, तर त्यावर थाप मारून आत काय वाजते आहे, हे एकदा शेजारी बसून ऐकावे.